कूर्मदृष्टान्त आणि संगणकाची फायरवॉल

बाहेरून येणाऱ्या जोडणीची मागणी तपासून परवानगी नसलेली मागणी अडवणारी व्यवस्था म्हणजे फायरवॉल. संगणकात मुळातच असलेली ही व्यवस्था बंद करावी की नाही, हा प्रश्न तांत्रिक दिसत असला, तरी आत्मरक्षणाचे साधन केव्हा आणि कोणाच्या इच्छेने खाली ठेवावे, हे त्यातले मर्म इंद्रियनिग्रहाच्या विचारात फार जुने आहे. खानदेशाला तो विचार परका नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञ, म्हणजे स्थिर बुद्धीचा पुरुष, कासवाप्रमाणे इंद्रिये आवरून घेतो असे म्हटले आहे. मूळ श्लोक आवरण्यापुरताच बोलतो. ज्ञानेश्वरांनी मात्र विवरण करताना कासव अवयव पसरते हेही सांगितले आणि दोन्ही क्रिया त्याच्याच इच्छेच्या स्वाधीन ठेवल्या. ही भर मोलाची आहे, कारण तिच्यामुळे उघडण्यालाही निग्रहात स्थान मिळते.

संगणकाच्या बाबतीत मात्र आधी आवरणेच शिकावे लागले. विंडोज एक्सपी या संगणक-प्रणालीमध्ये २००१ साली फायरवॉल होती, पण ती आपोआप चालू नसे. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे वापरकर्त्याने काही न उघडताही जाळ्यातून पसरणारा घातक प्रोग्रॅम, जगभर फैलावला, आणि पुढच्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीत फायरवॉल सुरुवातीपासूनच चालू ठेवण्यात आली. आता जळगावच्या एखाद्या पेढीवर दुसऱ्या संगणकावरून हिशेबाची फाईल उघडेना, की फायरवॉल सरसकट बंद केली जाते, काम चालू होते आणि ती तशीच राहते. याला मोकळेपणा म्हणणे कठीण. शास्त्रकार याला प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, म्हणतील. नेमक्या त्या हिशेबाच्या प्रोग्रॅमलाच परवानगी देणे हा योग्य मार्ग होय. दोष शोधण्यासाठी ती बंद करणे भागच पडले, तर आधी इंटरनेटची जोडणी काढावी, केवळ खासगी जाळ्यापुरती ती बंद करावी, विंडोजमधील तिची मूळ सेवा थांबवू नये आणि तपासणी होताच ती पुन्हा चालू करावी. इंटरनेटची जोडणी वाटणारा राउटर बाहेरची मागणी अडवत असताना हिची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो; परंतु त्याच वाय-फायवर आलेला पाहुण्याचा बाधित लॅपटॉप राउटरच्या आतच असतो, आणि षड्रिपूंची, म्हणजे काम-क्रोधादी सहा शत्रूंची, वस्ती आपल्या परंपरेनेही आतच मानली आहे.

गीतेतील कासवाच्या दृष्टान्ताच्या पुढचा श्लोक अधिक अवघड आहे: निराहारी मनुष्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी उरते. फायरवॉललाही ही मर्यादा आहे. बाहेर जाणारी मागणी ती सहसा अडवत नाही आणि त्या मागणीचे उत्तर आत येऊ देते, म्हणून बक्षिसाच्या आमिषाने वापरकर्त्याने स्वतः मागवलेली घातक फाईल फायरवॉल चालू असतानाही संगणकात पोहोचते.