असंगतवाद आणि माळीणचा प्रश्न

पाश्चात्त्य तत्त्वचिंतनात ‘असंगतवाद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विचाराचे ठळक प्रतिपादन आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाने १९४२ मध्ये सिसिफसविषयक ग्रंथात केले. जग असंगत आहे, असे त्याचे म्हणणे नाही. मनुष्य असंगत आहे, असेही नाही. मनुष्य ‘का?’ म्हणून विचारतो आणि जग निरुत्तर राहते. या दोहोंच्या संबंधात असंगती उपजते.

याचा दृष्टांत दूर शोधावयास नको. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत माळीण हे गाव. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर खचून वस्ती गाडली गेली. १५१ माणसे दगावली. एस. टी. घेऊन आलेल्या चालकास गावाच्या जागी चिखलाचा ढीग दिसला. कोणी वाचले, कोणी गेले, कोणत्या न्यायाने?

येथे पूर्वपक्ष असा की, ज्याचे त्याचे कर्म. परंतु कर्मफल मानले तरी अमक्याचे अमुक कर्म त्या सकाळी फळास आले, हे सांगणारा कोण? जीव अविद्येने बद्ध. ज्यास स्वतःचेच कर्म उमगत नाही, त्याने परक्याच्या प्रेतापाशी निवाडा देऊ नये. अशा निवाड्याने शोकाकुलास अर्थ लाभत नाही; माथी दोष मात्र येतो. खोट्या उत्तराने प्रश्न बुजवू नये, हा काम्यूचा सावधपणा येथवर ग्राह्य होय.

मतभेद पुढे आहे. जगाच्या मौनापलीकडे आशेने झेप घेणे, यास काम्यू विचाराची आत्महत्या मानतो. ब्रह्मविद्येत मात्र जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न. प्रपंच जड, त्याने उत्तर दिले नाही यात नवल ते काय? आणि प्रपंचाच्या मौनावरून परमेश्वराचे मौन सिद्ध होत नाही.

तथापि प्रश्न दोन आहेत, हे विसरू नये. ‘आमच्याच वाट्यास का?’ यास डोंगर उत्तर देत नाही. ‘डोंगर का खचला?’ यास देतो: मुसळधार पाऊस, तीव्र उतार, पाण्याने जड झालेली माती. एप्रिल २०१७ मध्ये नव्या माळीणचे लोकार्पण झाले आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तेथील रस्ते व भराव खचले. हे गूढ नव्हे. अशा ठिकाणी ‘कर्म’ म्हणणे किंवा ‘असंगत’ म्हणणे, दोन्ही कर्तव्यातून सुटण्याच्या पळवाटा होत. पहिल्या प्रश्नापुढे मौन आणि दुसऱ्यापुढे दक्षता, हाच विवेक.