सुरगाठ की निरगाठ?

बीडच्या माणसाने पाण्याखालच्या दिव्याबद्दल लिहिणे म्हणजे टकल्याने कंगव्याची शिफारस करण्यासारखे आहे. आमच्याकडे पाणीच इतके खाली गेलेले असते, की त्याच्यामागे जायला बोअरवाला बोलवावा लागतो. निजामशाहीच्या काळातली आमची खजाना विहीर प्रसिद्ध आहे ती आटत नाही म्हणून. जिथे विहिरीने न आटणे हाच पराक्रम, तिथे बुडी मारण्याच्या गोष्टी कोण करणार?

पण माझ्या पुतण्याने तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या संस्थेत स्कूबा डायव्हिंग शिकून घेतले आणि दिवाळीत सगळे सामान आमच्या सतरंजीवर मांडले. त्यात बॅटऱ्याच तीन. (टॉर्चला आम्ही बॅटरीच म्हणतो.)

"तीन कशाला रे?"

"काका, पाण्याखालच्या गुहेत जाणाऱ्यांचा नियमच आहे. एक मुख्य, दोन राखीव."

आमच्या बँकेत साधा फॉर्म तीन प्रतींत लागतो, तेव्हा मला हा नियम फार समंजस वाटला. पण खरी गंमत बॅटरीत नव्हती, ती बांधण्यात होती. मुख्य बॅटरी हाताच्या पाठीवर बसते, म्हणजे तळहात मोकळा. राखीव बॅटरीच्या शेपटीला दोरीने एक आकडा बांधायचा, तो छातीवरच्या पट्ट्याच्या कडीत अडकवायचा, बॅटरी पट्ट्यालगत तोंड खाली करून सोडायची आणि ती लोंबू नये म्हणून वर रबराची चकती चढवायची. ही चकती सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली! समुद्राच्या तळाशी आपली पंक्चरची ट्यूब पोचलेली पाहून माझा ऊर भरून आला.

मी विचारले, "आकडा सरळ बॅटरीच्या भोकात अडकवला तर? दोरीची भानगड कशाला?"

"नाही काका. लोखंडाला लोखंड कधी जोडायचं नाही. आकडा अडकून बसला, तर दोरी चाकूने कापता येते. लोखंड कापायला पाण्याखाली करवत कुठून आणू?"

आकड्यांतही जात असते. एका आकड्याचा खटका अंगठ्याने मागे ओढला तरच त्याचे तोंड उघडते, हा चांगला. दुसरी कडी किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी, नुसते दाबले की आत उघडणारी. तिच्यात भलती दोरी किंवा जाळे आपोआप शिरते, बाहेर मात्र येत नाही. पाणबुडे तिला आत्महत्येची कडी म्हणतात. आम्ही बँकवाले तिला जामीनकी म्हणतो. सही करताना काहीच लागत नाही; हप्ते थकले की कळते, आपण कुठे अडकलोय ते.

हे सारे चोचले वाटत असतील, तर आमच्याच जिल्ह्यात बघा. सप्टेंबर 2022 मध्ये माजलगाव धरणात एक डॉक्टर बुडाले. त्यांना शोधायला कोल्हापूरहून पथक आले आणि त्यातला एक जवान त्याच पाण्यात गेला. तेव्हापासून पाण्याखालच्या गाठीला मी हसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञान कुठे आले? माणसाने कशाला किती बांधून घ्यावे, हा प्रश्न फार जुना आहे. कीर्तनकार सांगतात, सगळे सोडा. अहो, अंधाऱ्या पाण्यात बॅटरी सोडून कसे चालेल? अनासक्ती म्हणून तिला नुसती हातात धरली, तर मूठ सैल होताच ती गेली. उलट, जी सोडताच येत नाही अशी बांधली, तर तिच्यापायी आपण गेलो. सुरगाठ ओढताच सुटते, निरगाठ सुटतच नाही. आणि नाडीचा अनुभव असा, की हवी तेव्हा हवी ती कधीच बसत नाही. पाणबुड्याने यातून वाट काढली आहे. गाठ निरगाठच मारायची, पण दोरीची. आणि चाकू असा ठेवायचा, की कुठल्याही हाताने सापडावा.

यातली चाकूची बाब मला सगळ्यात मोलाची वाटते. आमच्या काउंटरवर पेन दोऱ्याने बांधलेले असते. दोराही आमचा, कात्रीही आमचीच. पेनाला कोणी विचारत नाही. घराघरांतून माया बहुधा याच पद्धतीने चालते. बांधणारा म्हणतो, "तुझ्या भल्यासाठीच बांधलंय." खरेही असते ते. पण गुदमरायची वेळ बांधलेल्यावर येते, तेव्हा चाकू त्याच्याजवळ हवा.

यंदा आमची मुलगी पुण्याला शिकायला गेली. रोज रात्री नऊला फोन, अशी तिच्या आईने निरगाठ मारून ठेवली आहे. मी त्यात पडलो नाही. फक्त तिच्या नावाचे खाते उघडून दिले, सही तिची एकटीची, आणि सांगितले, "यातून कधी, कशाला पैसे काढलेस, हे मी विचारणार नाही." बँकेतल्या माणसाला हे वाक्य किती जड जाते, ते बँकेतलाच माणूस जाणे.

सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, उद्या तिने फोनच केला नाही तर?"

प्रश्न बरोबर आहे. दोरी कापता येते म्हटल्यावर ती कापली जाण्याचीही शक्यता आलीच. पण अजून तरी नऊला फोन वाजतो आणि तो तिच्या बाजूने येतो. कापता येत असूनही जी दोरी कोणी कापत नाही, तिलाच घट्ट बांधलेली म्हणावे, असे माझे मत झाले आहे. परवा मात्र नऊ वाजून दहा मिनिटे झाली, तेव्हा हे मत मला दोनदा मोठ्याने म्हणावे लागले.