भूतदयेची किंमत कोणी मोजायची?

अस्वल जगले पाहिजे, असे दुरून म्हणणे सोपे आहे. भंडारा जिल्ह्यात कोका अभयारण्यालगत पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचायला वाकलेल्या बाईपुढे मात्र तेच अस्वल अचानक उभे ठाकू शकते; मोह दोघांचेही अन्न आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला संरक्षण दिले, पण त्याचा भार गावावर पडतो. ज्या भूतदयेची किंमत दुसराच मोजतो, ती अपुरी आहे.

मग माणूस आधी, असे कोणी म्हणेल. पण अस्वल माणसाची शिकार करीत नाही. बहुतेक हल्ले अवचित गाठ पडल्याने, भीतीपोटी होतात. दोष कोणाचाच नाही. जबाबदारी मात्र माणसाची, कारण विचारपूर्वक निवड तोच करू शकतो. उपचार, वेळेवर भरपाई आणि उजाडल्यावर गटाने वेचणी यांचा खर्च सगळ्या समाजाने उचलला, तरच ही दया धर्म ठरेल.