फसलेला गुन्हा आणि आवरलेला गुन्हा

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूरच्या अलीकडे, चिंचपाडा नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. दिवाळी उलटली म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या या भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जावयास निघतात. गाठोडी, भांडी, कडेवरची पोरे आणि कोयते घेऊन माणसे गाडीची वाट पाहत बसली आहेत, हे दृश्य त्या बाजूस कोणास नवे नाही. या गावचा आमचा एक जुना विद्यार्थी कायद्याची पदवी घेऊन सध्या अखिल भारतीय बार परीक्षेची तयारी करीत आहे. अपूर्ण गुन्ह्यांचे प्रकरण संपवून तो परवा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पाठ झाले आहे, पण पटलेले नाही."

त्याची शंका अशी होती. एका मनुष्याने दागिने चोरण्यासाठी पेटी फोडली, पण पेटीत दागिना निघालाच नाही. दुसरा मनुष्य, आपला वैरी गाडीतून उतरेल तेव्हा त्यास ठार करावयाचे, अशा इराद्याने कोयता घेऊन चिंचपाड्याच्या फलाटावर रात्रभर बसला आणि पहाटे उठून घरी गेला. कायदा पहिल्यास गुन्हेगार ठरवितो. दुसऱ्यास खुनाच्या प्रयत्नाचा दोष लावीत नाही. "पहिल्याच्या हाती एक कवडी लागली नाही आणि दुसऱ्याच्या मनात तर खून होता. मग या दोघांत वाईट कोण?" परीक्षेत चार पर्यायांपैकी एकास खूण केली म्हणजे काम भागते, 'का' हा प्रश्न तेथे विचारीत नाहीत. तो विचारण्यास मासिकाची पाने हीच योग्य जागा होय, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायद्याचे म्हणणे नीट समजून घेऊ. १८६० साली झालेली व १८६२ च्या जानेवारीपासून अमलात आलेली भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. प्रयत्नासंबंधीचे जुने ५११ वे कलम आता ६२ वे झाले. खुनाच्या प्रयत्नाचे ३०७ वे कलम १०९ वे झाले. परंतु मागील विचार पालटला नाही. गुन्ह्याच्या चार पायऱ्या मानतात : इरादा, पूर्वतयारी, प्रयत्न आणि सिद्धी. पहिल्या दोन पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मनुष्यास कायदा सामान्यतः हात लावीत नाही. तिसरीवर पाऊल पडताच धरतो. रिकाम्या पेटीचे उदाहरण खुद्द ६२ व्या कलमाखालीच दिलेले आहे. खुनाच्या कलमाखालील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. विष विकत आणून ते अन्नात कालविले, पण ते अन्न अद्याप स्वतःजवळच ठेवले आहे, तोवर हा गुन्हा झालेला नाही. तेच अन्न दुसऱ्याच्या ताटात वाढले की झाला. चूल आणि ताट यांमध्ये जे चार पावलांचे अंतर असते, त्या अंतरात कायदा थांबून राहतो.

तो का थांबतो? एक कारण त्या फलाटावरच दिसते. हंगामात तेथे पन्नास माणसांच्या हाती पन्नास कोयते असतात. त्यांतील एकोणपन्नास उसासाठी आणि एक माणसासाठी असेल, तर तो एक कोणता हे कोयत्याकडे पाहून कळत नाही. पूर्वतयारी ही मुकी असते. ती कशाची आहे, हे कृती पुढे सरकल्यावाचून उमगत नाही. मुकी कृत्ये गुन्हा धरू लागलो, तर त्यांस अर्थ चिकटविण्याचे काम पाहणाऱ्याच्या संशयाकडे जाते, आणि संशय हा नेहमी दुबळ्याच्या दारी आधी जातो. याच देशात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व तो १९५२ पर्यंत टिकला. त्याने कृतीची वाट पाहिली नाही, तयारीची पाहिली नाही, इराद्याचीही पाहिली नाही. अमक्या जातीत जन्म झाला एवढ्यावरून आख्ख्या समाजास हजेरी लावावयास भाग पाडले. कृतीपूर्वी दोष ठरविण्याची मोकळीक राज्यास दिली म्हणजे ती कोठवर जाते, याचा हा दाखला आम्हांस पुरेसा वाटतो.

दुसरे कारण याहून थोर आहे. जोवर मनुष्यास मागे फिरता येते, तोवर त्यास फिरू द्यावे, असा त्यात भाव आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर पंजाबातून परवान्यावाचून भात बाहेर नेणाऱ्या एका मालमोटारीचा खटला आला. ती दिल्लीच्या वाटेवर, परंतु पंजाबच्या हद्दीतच अडविली गेली होती. न्यायालयाने म्हटले, ही पूर्वतयारी होय. गाडीवाल्यांस अजून परतता आले असते. याच्या उलट १९८० चा आपल्या वसईकडील खटला पाहावा. १९७३ च्या सप्टेंबरातील एका रात्री चांदी भरलेली वाहने कामण खाडीच्या पुलाजवळ येऊन थांबली, माल उतरविण्यास आरंभ झाला, आणि तोच खाडीतून यंत्राच्या होडीचा आवाज ऐकू आला. सत्र न्यायालयाने व मुंबई उच्च न्यायालयाने ही केवळ तयारी मानून आरोपींस सोडले होते; सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला व हा प्रयत्नच होय असे ठरविले. रेघ नेमकी कोठे ओढावी याविषयी मोठमोठ्या न्यायाधीशांत मतभेद होतात, हे यावरून दिसेल. परंतु रेघ असावी याविषयी ते होत नाहीत.

कोणी म्हणेल, कायदा या तत्त्वास सर्वत्र कोठे जागतो? दरोड्याची नुसती तयारीही दंडनीय आहे. १९१३ पासून गुन्हेगारी कटाचे स्वतंत्र कलम आहे, आणि गंभीर गुन्ह्याच्या बाबतीत दोघांनी संगनमत केले एवढ्यानेच तो कट पुरा होतो. हे खरे आहे. परंतु कटात विचार एकाच्या मनातून निघून दुसऱ्याच्या मनात उतरलेला असतो. तो परत घेणे आता एकट्याच्या हाती राहिलेले नसते. दरोड्याची तयारीही अशीच अनेकांची मिळून असते. म्हणजे परतीची वाट जेथे अरुंद होते तेथेच कायदा लवकर पुढे सरसावतो. हा अपवाद मूळ नियमाची साक्षच देतो, असे आमचे मत आहे.

आता रिकाम्या पेटीकडे, म्हणजे फसलेल्या गुन्ह्याकडे वळू. याचे प्रसिद्ध उदाहरण आपल्या पुण्यातीलच आहे. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन हे फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले. दारूगोळ्यात दोष होता की खिशातील कातडी पाकीट आड आले, याचा खल मुंबई उच्च न्यायालयापुढे १९३२ साली झाला, आणि न्यायालयाने सांगितले की, कारण कोणतेही असो, खुनाचा प्रयत्न पुरा झाला आहे. गोगटे यांच्या हेतूचे मोल देशाने निराळ्या तराजूत केले, तो प्रश्न येथे नाही. येथे पाहावयाचे ते हे की, गोळी झाडणाऱ्याचे मन, हात आणि नेम यांत कसलीही उणीव नव्हती. उणीव राहिली ती त्याच्या सत्तेबाहेरील वस्तूंत.

असे असता कायदा फसलेल्या गुन्ह्यास सवलत का देतो? ६२ व्या कलमान्वये प्रयत्नाची शिक्षा मूळ गुन्ह्याच्या कमाल मुदतीच्या निम्म्यापर्यंतच जाते. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत, तर तिच्या प्रयत्नास दीड. खुनाच्या प्रयत्नात दुखापत झाली नाही तर दहा वर्षांपर्यंत, झाली तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे गोळी चार बोटे इकडे की तिकडे, यावर अपराध्याची वर्षे मोजली जातात! ॲडम स्मिथने १७५९ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात या विसंगतीचा विचार केला आहे. फळ पाहून दोष ठरविणे ही मानवी भावनेतील एक अनियमितता आहे, हे तो कबूल करतो. परंतु ती हितकर आहे, असेही म्हणतो. कारण केवळ मनातील दुष्टाव्यास शिक्षा देऊ लागलो, तर प्रत्येक न्यायालय लोकांची अंतःकरणे उकरणारे चौकशीघर होऊन बसेल. हे उत्तर राज्यापुरते आम्हांस मान्य आहे. राज्यास मनात शिरता येत नाही, आणि येऊ नये. परंतु आपणांस स्वतःच्या मनात शिरता येते. तेव्हा राज्याची सवलत आपण आपल्यासाठी मागून घ्यावी काय?

आम्हांसच एक प्रसंग आठवतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या नेमणुकीचा विचार चालू असता आमचे मत विचारण्यात आले, आणि आम्ही मत्सराने त्याच्याविरुद्ध असा शब्द टाकला की, तो खरा नाही हे आम्हांस ठाऊक होते. विचारणाऱ्यांनी तो मनावर घेतला नाही. सहकाऱ्यास जागा मिळाली. पुढे कित्येक वर्षे आम्ही त्याच्याशी हसूनखेळून वागलो, आणि आपण त्याचे काही वाईट केले नाही, असे प्रामाणिकपणे समजत होतो. वस्तुतः आम्ही पेटी फोडली होती; ती रिकामी निघाली, एवढेच. त्यात पुण्य असलेच तर आमचा शब्द न मानणाऱ्यांचे होते. याच्या उलट, गावच्या शाळेस देणगी द्यावयाचे मनात आणून जी आम्ही कधी दिली नाही, तिच्या संकल्पाचे समाधान मात्र पुरेपूर उपभोगले! चांगल्या कृत्याचा नुसता इरादा जमेस धरावा आणि वाईट कृत्याचा पुरा प्रयत्नही खर्ची पडू नये, ही हिशेबाची पद्धत सर्वसामान्य असली तरी खोटी आहे. आपल्या शास्त्रकारांस हे ठाऊक होते. जैन आचार्य द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद करतात तो याचसाठी. प्राणी वाचला तरी मारू पाहणारा वाचत नाही, हे त्यांस सांगावयाचे असते.

मग फलाटावरील मनुष्याचे काय? आम्ही विद्यार्थ्यास विचारले, "तो पहाटे घरी का गेला?" तो गोंधळला. "तसे उदाहरणात नाही, सर," असे म्हणाला. आमच्या मते सगळा प्रश्न येथेच आहे. वैरी त्या गाडीने आला नाही, म्हणून तो उठला असेल. किंवा वैरी समोरून उतरून गेला आणि याच्या हातून कोयता उचलवला नाही. बाहेरून दोन्ही दृश्ये सारखीच : रात्रभर जागलेला एक मनुष्य, कोयता घेऊन, गावाकडे चालला आहे. पहिल्या प्रकारी गुन्हा नुसता फसला. दुसऱ्या प्रकारी तो आवरला गेला. फसलेल्या गुन्ह्याचे श्रेय गाडीच्या वेळापत्रकास, आवरलेल्याचे त्या मनुष्यास. पहिला मनुष्य पेटी फोडणाऱ्याहून निर्दोष नाही, किंबहुना अधिक दोषी आहे; दुसरा, ज्याच्या मनात असा विचार कधी आलाच नाही अशा आपल्यापैकी पुष्कळांहून अधिक आदरास पात्र आहे, कारण त्याने जे जिंकले ते आपणांस जिंकावे लागलेले नाही.

कायदा या दोघांस एकाच दाराने सोडून देतो. त्यास दुसरे करणे शक्य नाही, आणि दुसऱ्या मनुष्यासाठी ते दार उघडे राहावयाचे तर पहिलाही त्यातून जाणार, ही किंमत त्याने जाणूनबुजून मोजली आहे. परंतु सुटणाऱ्याने दाराबाहेर पडल्यावर आपण कोणता, हे स्वतःस विचारले पाहिजे. त्याचा साक्षीदार दुसरा कोणी नाही.

विद्यार्थ्यास आम्ही एवढेच सांगितले की, परीक्षेत फलाटावरील मनुष्य निर्दोष म्हणूनच लिहावा. ते उत्तर बरोबर आहे. सनद घेऊन तो उद्या नंदुरबारच्या न्यायालयात उभा राहील, तेव्हा कोयता बाळगल्यावरून धरलेल्या एखाद्या मजुरास सोडविताना त्यास हेच उत्तर उपयोगी पडेल. आपल्या स्वतःच्या रिकाम्या पेट्यांविषयी मात्र ते उत्तर त्याने वापरू नये, आणि आम्हीही वापरू नये.