हात शिकतो तो सावकाश

पुण्यात कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणक्यावर हातांनी उपचार करण्याच्या पद्धतीची, पदवी देणारं सरकारमान्य महाविद्यालय नाही, आणि भारतात या पद्धतीची स्वतंत्र वैधानिक परिषदही नाही. तरी बारावीनंतर ‘मला हातांनी मणक्याचे आजार बरे करायचेत’ असं सांगणारी मुलं इथे भेटतात. त्यातली बरीच फिजिओथेरपीकडे वळतात. ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यायची, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा, चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप करायची. 2025 च्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने हा काळ पाच वर्षांचा केला आहे. पालकांना तो लांबलचक वाटतो. मला तो योग्य वाटतो, आणि त्याचं कारण या मुलांच्या रोजच्या दिवसात आहे.

सकाळी ओपीडीत पोस्टिंग, मग लेक्चर, रात्री जर्नल पूर्ण करणं आणि उद्याच्या व्हायवाची धास्ती. या धावपळीत खरं शिक्षण बोटांचं चालू असतं. मान पुढे झुकवली की मुळाशी जो उंचवटा ठळकपणे लागतो, तो बहुधा मानेचा सातवा मणका. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडल्या, तर ती रेघ साधारण चौथ्या कंबरमणक्यावरून जाते. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. होस्टेलवर रूममेटच्या पाठीवर पेनाने खुणा करत ते महिनोन्‌महिने चालतं, कारण किडकिडीत मुलाच्या पाठीवर सापडलेला मणका स्थूल बाईंच्या पाठीवर सापडत नाही. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. तीन आणि चार यांतला फरक तपासणाऱ्याच्या हातालाच कळतो. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी सांधा हलवण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. त्यातली पहिली हालचाल इतकी सूक्ष्म असते की शेजारी उभ्या असलेल्याला ती जेमतेम दिसते. झटक्याने सांधा मोकळा करणं या सगळ्याच्या नंतर येतं.

मोबाइलवर मात्र तो झटका सर्वांत आधी दिसतो. मान वळवली, कडकन आवाज आला, रुग्ण हसत उठला. या आवाजाने लोकांच्या मनात मोठा गैरसमज रुजवला आहे. सरकलेलं हाड जागेवर बसलं, असं ते समजतात. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटांचे सांधे ओढताना एमआरआयने चित्रण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. अशा उपचाराने काही पाठदुखींत थोडा आराम पडतो, हे खरं आहे. पण आवाज हा त्या आरामाचा पुरावा नाही.

झटक्यापेक्षा शिक्षण महत्त्वाचं, हे कायरोप्रॅक्टिकचा इतिहासही सांगतो. 1895 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी ही पद्धत सुरू केली. बहुतेक रोगांचं मूळ मणक्यांच्या बिघाडात आहे, हा त्यांचा दावा विज्ञानापुढे टिकला नाही. टिकलं आणि वाढलं ते शिक्षण. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पूर्ण प्रशिक्षणाला किमान 4200 तास लागतात, आणि त्यातले 1000 तास देखरेखीखाली रुग्णांवर काम करण्याचे. तितके तास घालवून आलेल्या माणसाबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण शनिवार-रविवारच्या कोर्सवर मानेला हात घालणाऱ्यांशी आहे.

कारण आपल्याकडे पाठदुखीमागे मणक्याचा क्षय असू शकतो. संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलंय का, रात्री झोपेतून उठवणारी कळ येते का, असे प्रश्न विद्यार्थ्याला हात लावण्याआधी विचारायला शिकवतात. मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा आणि लघवी तुंबणं एकत्र दिसलं, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवावं लागतं. ठिसूळ हाडांच्या आजीबाईंना झटका देणं म्हणजे मणका मोडण्याची जोखीम. कोणाला हात लावायचा नाही हे ओळखणं, हा या शिक्षणाचा सर्वांत महाग भाग आहे. त्याचा व्हिडिओ निघत नाही, आणि बहुतेकदा त्याची फीही कोणी देत नाही.

हात लावण्याआधीच्या प्रश्नांत आणखी एक असतो: काम काय करता? पुण्यात त्याची उत्तरं हिंजवडीच्या खुर्चीपासून मार्केट यार्डातल्या पोत्यापर्यंत जातात. ओझं वाहणाऱ्याला ‘वाकू नका, आराम करा’ हे सांगून विद्यार्थी मोकळा होऊ शकत नाही, कारण आरामाच्या दिवसाची मजुरी बुडते. पोत्याचं वजन पन्नास किलोंवर आणावं म्हणून बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने लढा दिला. मला तो पाठीच्या आरोग्यासाठी केलेल्या मोठ्या कामांपैकी एक वाटतो, आणि फिजिओथेरपीच्या वर्गात तो शिकवला जावा असंही वाटतं.

इतकं शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींसमोर पहिल्या नोकरीचा तुटपुंजा पगार असतो, आणि शेजारच्या गल्लीत झटक्याच्या एका बैठकीला भरपूर पैसे मोजणारे लोक. मोह होणं स्वाभाविक आहे. तो आवरण्याची जबाबदारी एकट्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलावर टाकणं अन्यायाचं आहे. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात फिजिओथेरपी आहे. राज्याचीही परिषद आहे. मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याच्या दारावर, पद्धतीचं नाव कोणतंही असो, नोंदणी क्रमांक आणि प्रशिक्षणाचा कालावधी मराठीत लिहिणं या यंत्रणांनी सक्तीचं करावं, आणि ज्याच्याकडे लिहायला काही नाही त्याला मानेला हात लावू देऊ नये.