आईकडे कोण बघतं?

कर्जतच्या प्रांत कार्यालयात कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतली जमिनीची भांडणं येतात. मुलगा विचारत नाही, अशी तक्रार घेऊन आईबापही तिथे जाऊ शकतात. ज्येष्ठांच्या चरितार्थासाठीचा 2007चा कायदा त्यांना दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत मिळवून देतो. या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सून नाही. 2019च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावई आले होते. ते मंजूर झालंच नाही. जिने प्रत्यक्षात म्हातारपणं काढली, तिला कायदा ओळखत नाही!

‘आमच्या वेळी मुलं आईबापांना सांभाळायची’ हे पारावरचं पालुपद मला म्हणूनच पटत नाही. मुलगा पहाटेच्या लोकलला. सीएसएमटी शंभर किलोमीटर, जाताना दोन तास, येताना दोन. घरी कोण होतं? पाय चेपले, कूस बदलली, पथ्याचं रांधलं ते सुनेने. ‘पोरगा श्रावणबाळ हो’ असं कौतुक झालं ते त्याचं.

आता सूनही घराबाहेर पडली आहे. कुणी खोपोलीच्या कारखान्यात, कुणी त्याच लोकलच्या लेडीज डब्यात. निघण्याआधी ती सासूच्या गोळ्या वारांच्या कप्प्यांत भरते; रक्तदाबाची अर्धी गोळी ब्लेडने कापून ठेवते. दुपारी फोन करते, ‘आई, जेवणानंतरची पांढरी घेतलीत ना?’ हा फोन नवऱ्याने का करू नये, असं आजची सून विचारते. त्याला लोक आत्मकेंद्रीपणा म्हणतात. मला तो साधा हिशेब वाटतो. 2024च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के बायका घरातल्या माणसांची काळजी घेताना आढळल्या, दिवसाला सुमारे 140 मिनिटं, पुरुष 21.4 टक्के, 74 मिनिटं. यात लेकरंही आली, पण कल कळायला एवढं पुरे.

माहेरवाशिणीचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला हक्क महाराष्ट्राने 1994मध्येच दिला, देशाने 2005मध्ये. तरी हक्कसोडपत्रावर सही करून बहिणीने भावाकडे माहेरपण राखायचं, ही रीत चालू राहिली. फार्महाउसवाल्यांनी इथल्या जमिनींचे भाव चढवले आणि सातबाऱ्यावरच्या नावाला वजन आलं. ‘माझा हिस्सा द्या, आईला वर्षातले चार महिने मी नेते,’ असं एखादी बहीण म्हणाली की भावकीत नाकं मुरडली जातात. मला हा व्यवहार स्वच्छ वाटतो. आईबापांनीही आता डोळे मिटून बक्षीसपत्र करू नये. सांभाळण्याची अट त्यात लिहिलेली असली आणि ती पाळली गेली नाही, तर त्याच 2007च्या कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून घेता येतं. अट लिहायला मात्र लाज वाटता कामा नये. इथेच बहुतेकांचं अडतं.

ज्यांना परवडतं ते बाई ठेवतात. ती बहुधा आसपासच्या ठाकूर किंवा कातकरी वाडीतून येते. दुसऱ्याच्या आईचं अंग पुसून संध्याकाळी वाडीवर परतते, तेव्हा तिच्या सासूला दिवसभर नातीने सांभाळलेलं असतं, शाळा बुडवून. आपल्या पिढ्यांच्या वादात या बाईची पिढी कुणी मोजलेलीच नाही. तिची सासू प्रांताकडे अर्ज घेऊन जाणार नाही. मजुरीवर जगणाऱ्या मुलाकडून ती कसले 10 हजार मागणार?