पुस्तकाचा दुसरा हप्ता

एप्रिल २०२१. निरवांगीच्या आमच्या घरात माजघराच्या खिडकीशी ऑक्सिजनचा सिलिंडर उभा होता. कोविड झालेल्या आमच्या तात्यांसाठी बारामतीत खाट मिळाली नव्हती, इंदापुरातही नाही. गावातल्या पोरांनी वर्गणी काढून दोन-चार सिलिंडर मिळवले होते, त्यातला एक आमच्याकडे आला. त्याच्या तोंडाशी पाण्याची छोटी बाटली असते आणि ऑक्सिजन तिच्यातून बुडबुडे काढत पुढं जातो. रात्रभर आम्ही आळीपाळीनं ते बुडबुडे बघत बसायचो. बुडबुडे चालू आहेत तोवर तात्यांना हवा मिळतेय, एवढंच आम्हाला कळत होतं. काटा लाल पट्ट्याकडे सरकला की अण्णा पान्हा घेऊन उठायचे आणि फोनाफोनी सुरू व्हायची. तात्या वाचले. शेजारच्या वस्तीवरचे दोघं गेले.

त्याच आठवड्यात माझ्या पहिल्या पुस्तकाची रॉयल्टी खात्यात जमा झाली. १६० रुपयांचं पुस्तक, दहा टक्के, वर्षात खपलेल्या ६०० प्रती. ९,६०० रुपये. अण्णांनी विचारलं, "पुस्तकाचं बिल आलं का गं?" आमच्याकडे दुधाचं बिल येतं, उसाचं बिल येतं, म्हणून पुस्तकाचंही बिलच. मी हो म्हटलं. "मग दिऊन टाक त्या सिलिंडरच्या पोरांना." मी दिले. दुसऱ्या दिवशी एका सिलिंडरच्या डिपॉझिटमध्ये ते पैसे संपलेसुद्धा.

दिल्याचं समाधान होतं, पण मनातून एक प्रश्न हलेना. लिहिण्याचे पैसे आणि आजारी माणसाचा श्वास यांचं नातं काय? पगारातून दिले असते तरी सिलिंडर तेवढाच आला असता. मग लेखक मंडळी संकटकाळात नेमकी रॉयल्टीच का देऊ करतात?

कारण कोविडच्या साथीत तसं जगभर चाललं होतं. जे. के. रोलिंग यांनी 'द इकाबॉग' या पुस्तकाची रॉयल्टी कोविडचा फटका बसलेल्यांसाठी देऊन टाकली. झेडी स्मिथ यांनी टाळेबंदीत लिहिलेल्या 'इंटिमेशन्स' या छोट्या निबंधसंग्रहाचं उत्पन्न दोन संस्थांना दिलं, त्यातला एक न्यूयॉर्कचा कोविड मदतनिधी. इंग्लंडमध्ये ॲडम के या डॉक्टर-लेखकानं शंभर जणांकडून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेविषयी लिहून घेतलं आणि 'डिअर एनएचएस' या पुस्तकाचा नफा आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीकडे वळवला. ही तिन्ही पुस्तकं २०२० मधली.

आपल्याकडे ही कल्पना एकदम आली नाही. आधी लेखक स्वतःलाच देत होते. 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्ये छापणाऱ्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात डॉक्टर मुलाला, यशवंतला, बोलावून घेतात, पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला माळरानावर दवाखाना उभा राहतो, त्या स्वतः आजाऱ्यांना आणतात आणि मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला उचलून आणताना संसर्ग होऊन १० मार्चला जातात. कवितेच्या मिळकतीचा इथं प्रश्नच नव्हता, कारण मिळकत नव्हती. त्याच साथीत 'केसरी'चे संपादक टिळक पुणं सोडून गेले नाहीत आणि त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारायला हात लावला. लेखणी आणि सेवा तेव्हा एकाच माणसात होत्या, पण लेखणीचा पैसा त्यात नव्हता.

रॉयल्टी दान करायची तर आधी रॉयल्टी हवी. मराठीत कितीतरी वर्षं लेखक हस्तलिखित एकरकमी विकून मोकळा व्हायचा. पुढं पुस्तकाच्या वीस आवृत्त्या निघाल्या तरी त्याच्या घरी दमडी येत नसे. ज्याचा झराच दुसऱ्याच्या विहिरीत पडतो, तो पाणपोई कशी घालणार? म्हणून या विचाराच्या वाढीत दानशूरपणाइतकाच मोठा वाटा हक्काच्या जाणिवेचा आहे असं मला वाटतं. हे मला उमगलं ते सुनीताबाई देशपांड्यांमुळे.

पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांचे, नाटकांचे हक्क सुनीताबाई किती काटेकोरपणे सांभाळायच्या, याच्या तक्रारी मराठी माणसानं भरपूर केल्या आहेत. गावोगावच्या हौशी मंडळांना परवानगी मागावी लागे, शुल्क भरावं लागे. कलावंताच्या बायकोनं इतकं व्यवहारी असू नये, असा त्या तक्रारींचा सूर. पण साठच्या दशकापासून 'बटाट्याची चाळ'सारख्या एकपात्री प्रयोगांचं आणि पुस्तकांचं उत्पन्न पु. ल. देशपांडे फाउंडेशनमधून कुठं कुठं गेलं हे बघितलं, की तो काटेकोरपणा निराळा दिसू लागतो. हक्काच्या बाबतीत सैल राहिलेल्या लेखकाकडे द्यायला काही उरत नाही. हसवून मिळालेला रुपया त्यांनी वाटेत सांडू दिला नाही, म्हणून तो पोचला.

तो जिथं पोचला त्यातलं एक ठिकाण म्हणजे येरवडा. १९८५-८६ च्या सुमारास पुण्या-मुंबईतली तरुण मुलं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागून घरंच्या घरं उद्ध्वस्त करत होती. अनिल अवचट त्या मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांच्या आईबापांशी बोलले आणि त्यावर त्यांनी लेखमाला लिहिली. पुढं तिचं 'गर्द' हे पुस्तक झालं. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा, ज्यांना सगळे अनिता म्हणत, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि हे नुसतं वाचून थांबायचं नाही असं त्यांनी ठरवलं. व्यसनमुक्तीचं केंद्र सुरू करा, एक लाख रुपये देतो, असा त्यांचा निरोप. २९ ऑगस्ट १९८६ ला मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. केंद्र चालू आहे, त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते चालवते.

या गोष्टीत मी नेहमी एका जागी थांबते. इथं लेखणी दोनदा उपयोगी पडली. अवचटांच्या लेखणीनं आजार दाखवला आणि पुलंच्या लेखणीनं कमावलेला पैसा त्या आजारावर लागला. चाळीतल्या माणसांच्या गमतीला खळखळून हसलेल्या प्रेक्षकानं तिकिटाचे जे पैसे दिले, ते काही वर्षांनी थरथरत्या हातांच्या एखाद्या पोराच्या खाटेपर्यंत पोचले. त्या प्रेक्षकाला हे माहीत नव्हतं. पगारातून दिलेल्या देणगीत आणि रॉयल्टीतून दिलेल्या देणगीत फरक आहे तो हाच. रॉयल्टी मुळातच हजार अनोळखी लोकांनी थोडी थोडी दिलेली असते. ती वर्गणीच असते. लेखक तिचा खजिनदार.

आणि मुक्तांगण सरकारी रुग्णालयाच्या आवारात सुरू झालं हेही मला महत्त्वाचं वाटतं. देणगीनं सुरुवात करून द्यावी, जागा आणि यंत्रणा सरकारनं द्यावी. ऑक्सिजनचा प्रकल्प उभा करणं हे पुस्तकाच्या रॉयल्टीचं काम नाही. ते शासनाचंच काम आहे आणि लेखकाच्या दानानं ती जबाबदारी झाकली जाता कामा नये. सरकारला जे सुचलेलं नसतं किंवा जे करायला अजून कुणी धजलेलं नसतं, तिथं पहिले लाख रुपये घालणं हे मात्र लेखकाला साधतं. १९८६ मध्ये गर्दच्या विळख्यातल्या पोराकडे गुन्हेगार म्हणून न बघता आजारी माणूस म्हणून बघणं हे असंच धाडस होतं.

रॉयल्टी देऊन टाकण्याच्या या कल्पनेचं सर्वांत लांब गेलेलं टोक लंडनमध्ये आहे. १९२९ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला जागेसाठी पैसे हवे होते. 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांना समितीवर या म्हणून विचारलं. ते समितीवर गेले नाहीत, पण त्यांनी 'पीटर पॅन'चे हक्कच रुग्णालयाला देऊन टाकले. किती पैसे येतात हे जाहीर करू नये, अशी त्यांची इच्छा होती आणि रुग्णालयानं ती पाळली. बॅरी १९३७ मध्ये गेले, पन्नास वर्षांनी हक्काची मुदत संपली. तेव्हा ब्रिटनच्या संसदेनं १९८८ च्या कायद्यात या एका नाटकासाठी खास तरतूद केली, की ब्रिटनमधली त्याची रॉयल्टी त्या रुग्णालयाला कायम मिळत राहावी. बॅरींनी रुग्णालयाच्या हातात रोकड ठेवली असती तर ती एखाद्या भिंतीत संपली असती. त्यांनी वाहतं पाणी दिलं.

आमच्या भागात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. निरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला माहीत असतं, की टँकर एक दिवस भागवतो आणि पाळीचं पाणी पीक काढतं. ऊस गेल्यावर पहिली उचल येते, मग मागून हप्ते येत राहतात. त्या बिलातून मुख्यमंत्री सहायता निधीसाठी टनामागे कपातही होते, पण ती पावतीवरची ओळ असते आणि त्या रुपयांना चेहरा नसतो. लेखकानं आपल्या पुस्तकाचे हप्ते एखाद्या दवाखान्याच्या नावावर केले, तर चेहरा असतो आणि मुदतही असते. साथ ओसरते, बातम्या थांबतात, वर्गणीचे गट शांत होतात. त्यानंतर येतात ते साथीनं मागं ठेवलेले आजार: फुप्फुसं कमजोर झालेली माणसं, दारूकडे वळलेली माणसं, नवरा गेलेल्या बाईची न येणारी झोप. रॉयल्टी नेमकी तेव्हा येते, वर्षानं, थोडी थोडी. एकरकमी देणगीला जे जमत नाही ते तिला जमतं.

म्हणून ज्यांना असं द्यायचं आहे त्यांनी ते कागदावर नीट उतरवावं, असं मी आता सांगत सुटते. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. आधी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचा हक्क संपायची वेळ आली तेव्हा, १९९२ च्या दुरुस्तीनं, ती साठ झाली. पण हक्क दुसऱ्याच्या नावावर करताना मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाचच वर्षं धरतो. भावनेच्या भरात स्टेजवरून केलेली घोषणा लेखी करारात आली नाही तर ती कुणालाच बांधत नाही. मलपृष्ठावर 'या पुस्तकाचं उत्पन्न आरोग्यसेवेसाठी' एवढं मोघम छापलेलं मला आवडत नाही. कुठल्या संस्थेला आणि किती वर्षं, हे लिहावं, वाचक वर्गणीदार आहे, त्याला ते कळायलाच हवं. रक्कम मात्र बॅरींसारखी झाकलेली बरी. मोठ्या लेखकाचे पाच लाख आणि माझ्यासारखीचे पाच हजार शेजारी शेजारी छापले, की पाच हजारवाली पुढच्या खेपेला हात आखडते, आणि मराठीत पाच हजारवालेच जास्त आहेत.

मी गेल्या वर्षी ते केलं. माझ्या त्या पहिल्या पुस्तकाचे पुढचे हप्ते दहा वर्षांसाठी एका व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेच्या नावे लिहून दिले. प्रकाशकांनी विवरणपत्राची एक प्रत मला पाठवायची, पैसे थेट तिकडे. या जूनमध्ये पहिलं विवरणपत्र आलं. १३० प्रती, २,०८० रुपये. अण्णांनी चष्मा लावून कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि उसाच्या पावत्यांच्या फायलीत घालायला घेतला. तात्या ओसरीवर बसले होते. जिना चढला की अजून त्यांना दम लागतो, म्हणून ते खालीच झोपतात. त्यांनी विचारलं, "ही पहिली उचल का शेवटचा हप्ता?"

"दुसरा हप्ता," अण्णा म्हणाले. "पहिली उचल तुझ्या सिलिंडरला गेली."